गुंता टिकवण्याचे शास्त्र

नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठाच्या आवारात २०१५ साली एक प्रयोग झाला. आवारातल्या दोन इमारतींत, एकमेकांपासून १.३ किलोमीटरवर, हिऱ्याचा एकेक बारीक तुकडा अतिथंड करून ठेवला होता. हिऱ्याच्या कार्बनी जाळीत कुठे तरी एका कार्बनच्या जागी नायट्रोजन शिरलेला असतो आणि त्याच्या शेजारची जागा रिकामी असते. अशा दोषात अडकलेला इलेक्ट्रॉन हाच इथला क्युबिट. लेझरचे झटके देऊन या दोन इलेक्ट्रॉनांना एकमेकांत गुंतवायचे आणि लगोलग दोघांचे मोजमाप घ्यायचे, एवढाच कार्यक्रम होता. अठरा दिवसांत मिळून २२० तास मोजणी चालली आणि गुंतलेल्या जोड्या हाती लागल्या २४५. साधारण पंधरा-सोळा कोटी प्रयत्नांमागे एक जोडी. रोनाल्ड हॅन्सन यांच्या गटाचा हा प्रयोग जगभर गाजला आणि तो गाजायलाच हवा होता. पण बातम्या देणाऱ्यांनी एका गोष्टीकडे काणाडोळा केला: तासाला जेमतेम एक जोडी मिळत होती, आणि तीही मोजताक्षणी संपत होती.

प्रस्तुत पुस्तकाचा विषय त्या एका जोडीच्या पुढे सुरू होतो. दूरवरचे दोन क्युबिट गुंतवता येतात, हे आता कुणाला पटवून द्यायची गरज उरलेली नाही. ती जोडी हवी तेव्हा मिळेल का, वापरायची वेळ येईपर्यंत शाबूत राहील का, आणि विस्कटली तर आपोआप पुन्हा जुळेल का, हे खरे प्रश्न आहेत. गेल्या दहा-पंधरा वर्षांतली या क्षेत्रातली सगळी मेहनत याच प्रश्नांवर खर्ची पडली आहे. मराठीत मात्र अजून आइन्स्टाइन आणि बोर यांच्या वादापाशीच आपली गाडी थांबते.

तो वाद इथे दोन परिच्छेदांत उरकतो. १९३५ मध्ये आइन्स्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन यांनी असा आक्षेप घेतला की, क्वांटम सिद्धान्त जगाचे वर्णन अपुरे ठेवतो. दूर गेलेल्या दोन कणांची मोजमापे इतकी जुळत असतील तर उत्तरे आधीच ठरलेली असणार, फक्त सिद्धान्ताला ती ठाऊक नाहीत. त्याच वर्षी श्रोडिंगरने या गुंतलेल्या अवस्थेला नाव दिले आणि हेच क्वांटम सिद्धान्ताचे खरे वेगळेपण आहे, असे ठासून सांगितले. १९६४ मध्ये जॉन बेलने या तत्त्वचर्चेला आकड्यांत आणले. उत्तरे आधीच ठरलेली असतील आणि दूरच्या टोकाचा प्रभाव तत्क्षणी पोचत नसेल, तर दोन टोकांच्या नोंदींतून काढलेली एक ठरावीक बेरीज २ च्या वर जाऊ शकत नाही. क्वांटम सिद्धान्त म्हणतो, ती २.८३ पर्यंत जाईल. १९७२ मध्ये बर्कलीत फ्रीडमन आणि क्लाउझर यांनी, १९८२ मध्ये पॅरिसजवळ ऑर्से इथे आलँ आस्पे यांनी आणि पुढे झायलिंगर यांच्या गटाने ही मर्यादा ओलांडून दाखवली. क्लाउझर, आस्पे आणि झायलिंगर यांना २०२२ चे नोबेल मिळाले ते यासाठी. डेल्फ्टचा आकडा २.४२ होता. आधीच्या प्रयोगांत शंकेला ज्या दोन मोठ्या पळवाटा उरल्या होत्या, त्या तिथे पहिल्यांदा एकदमच बंद झाल्या.

वर्गात हा विषय काढला की पहिला हात वर होतो तो एकाच प्रश्नासाठी: मग याने प्रकाशापेक्षा वेगाने निरोप पाठवता येईल का? नाही. एका टोकाला बसलेल्या माणसाला आपल्या क्युबिटचे उत्तर शून्य किंवा एक असे निव्वळ बेभरवशाचे दिसते. पलीकडच्याने काय केले, याचा त्यात मागमूस नसतो. दोन टोकांच्या वह्या शेजारी ठेवल्यावरच जुळणी कळते, आणि वही आणायला फोन तरी करावा लागतो किंवा माणूस तरी पाठवावा लागतो. गुंता म्हणजे निरोप नव्हे. तो एक साठा आहे. नंतर त्याच्या जोरावर क्युबिटची अवस्था इकडून तिकडे पोचवता येते, गुप्त किल्ली तयार करता येते, दोन छोटे क्वांटम संगणक जोडून एक मोठा करता येतो. साठा म्हटला की तो किती वेगाने भरतो आणि किती वेगाने झिरपून जातो, हे दोन प्रश्न आलेच. हे पुस्तक त्या दोन वेगांबद्दल आहे.

झिरपण्याचे एक कारण सगळ्यांना समजेल असे आहे: वाटेतली गळती. उत्तम ऑप्टिकल फायबरमध्येसुद्धा दर ५० किलोमीटरला दहातले नऊ फोटॉन नाहीसे होतात. मुंबई ते नागपूर ८०० किलोमीटरची सलग फायबर धरली, तर एकावर सोळा शून्ये इतके फोटॉन सोडावे तेव्हा एक पोचतो. सेकंदाला १०० कोटी फोटॉन सोडणारा स्रोत असला तरी पहिल्या फोटॉनसाठी जवळजवळ चार महिने थांबावे लागेल. आपले रोजचे इंटरनेट चालते ते वाटेत ठिकठिकाणी सिग्नल वाढवून. क्वांटम अवस्थेची मात्र नक्कल काढता येत नाही. हे १९८२ मध्ये वूटर्स आणि झुरेक यांनी, आणि स्वतंत्रपणे डीक्स यांनी, सिद्ध केले. म्हणून अंतराचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यात गुंता तयार करायचा आणि मग मधल्या ठाण्यावर मोजमाप घेऊन तुकडे सांधायचे, ही कल्पना पुढे आली. ब्रीगल, ड्यूर, सिराक आणि झोलर यांनी १९९८ मध्ये ती पद्धतशीर मांडली. तिचे नाव क्वांटम रिपीटर. तिची अट सरळ आहे: शेजारचा तुकडा जुळेपर्यंत पहिला तुकडा जिवंत राहिला पाहिजे. इथे टिकाऊपणा ही चैनीची गोष्ट उरत नाही.

उपग्रहाने ही गळती चुकते, असे म्हणणारे भेटतात. काही अंशी ते खरे आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये सोडलेल्या मिसियस या चिनी उपग्रहाने गुंतलेले फोटॉन जमिनीवर १२०० किलोमीटर दूर असलेल्या दोन दुर्बिणींकडे पाठवले. उपग्रहावर सेकंदाला सुमारे ५९ लाख जोड्या बनत होत्या आणि खाली दोन्हीकडे मिळून शाबूत पोचत होती सेकंदाला साधारण एक. पोचलेले फोटॉन तिथल्या तिथे मोजून टाकले गेले. विक्रम म्हणून तो थोरच. पण प्रयोग संपल्यावर दोन्ही टोकांना साठवलेले असे काही उरले नाही.

आता जोडणी होते कशी, ते जरा जवळून पाहू, कारण इथेच या विषयाची गंमत आहे. दोन्ही क्युबिट एकमेकांना कधी भेटतच नाहीत. प्रत्येक क्युबिटकडून एक फोटॉन असा बाहेर काढतात की, क्युबिटची अवस्था आणि फोटॉनची अवस्था एकमेकांत गुंतलेली राहते. हे फोटॉन फायबरमधून निघून मध्यावरच्या एका अर्धपारदर्शक आरशावर येतात. आरशाच्या मागे दोन डिटेक्टर असतात. ‘टिक्’ झाली, म्हणजे फोटॉन आला. पण तो डावीकडच्या क्युबिटकडून आला की उजवीकडच्या? आरशामुळे ते कुणालाच, अगदी तत्त्वतःही, सांगता येत नाही. एका टोकाने प्रकाश सोडला हे पक्के, कोणत्या टोकाने हे मात्र निसर्गाच्या दप्तरातही नोंदलेले नाही. ही अनिश्चितता शुद्ध असेल, तर दोन क्युबिट त्या क्षणी गुंततात. शुद्ध असेल तर, हे महत्त्वाचे. डावीकडच्या फोटॉनचा रंग उजवीकडच्याहून तसूभर वेगळा असला, तो किंचित आधी पोचला किंवा त्याच्या कंपनाची दिशा थोडी कलली, तरी त्या फरकावरून तो कुठून आला याचा माग लागतो, आणि तेवढ्या प्रमाणात गुंता कच्चा राहतो. प्रयोगशाळेतल्या विद्यार्थ्यांच्या रात्री जातात त्या हे फरक पुसण्यात.

या पद्धतीचा मोठा फायदा असा की, टिक् ऐकू आली म्हणजे जोडी तयार झाल्याची वर्दी मिळाली. लाखो प्रयत्न फुकट गेले तरी बिघडत नाही. कोणता प्रयत्न फळला, हे कळते. तोटा असा की, प्रत्येक प्रयत्नात क्युबिट नव्याने मांडावा लागतो. २००७ मध्ये मिशिगन विद्यापीठात ख्रिस मन्रो यांच्या गटाने एक मीटर अंतरावरचे यटर्बियमचे दोन आयन असे गुंतवले, तेव्हा काही मिनिटांनी एक जोडी मिळे आणि ती मिळेपर्यंत आधीची कधीच विरून गेलेली असे. डेल्फ्टच्या २०१५ च्या प्रयोगात दोन्ही टोकांचे दोन फोटॉन शाबूत पोचणे आवश्यक होते. हजारांत एक पोचणार असेल, तर दोन्ही पोचण्याची शक्यता दहा लाखांत एक. पुढे त्याच गटाने एकाच फोटॉनवर भागणारी पद्धत पत्करली. तिने वेग हजारपटीच्या घरात वाढला, पण दाम मोजावे लागले ते असे: दोन्ही बाजूंच्या प्रकाशमार्गांच्या लांबीतला फरक तरंगलांबीच्या छोट्या अंशाइतका पक्का धरून ठेवायचा. हिऱ्यातल्या या दोषाचा लाल प्रकाश ६३७ नॅनोमीटरचा. म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही बारीक हालचाल इथे चालत नाही. फायबर तापली तरी लांबते.

इतके करून २०१८ मध्ये डेल्फ्टने जो आकडा जाहीर केला, तो मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाचा वाटतो. प्रयोगशाळेत दोन मीटर अंतरावरच्या दोन क्युबिटांत सेकंदाला ३९ पर्यंत जोड्या तयार होत होत्या आणि तयार झालेला गुंता सेकंदाला ५ या दराने विरत होता. ३९ भागिले ५, म्हणजे आठाच्या आसपास. या भागाकाराला तिथले संशोधक लिंक एफिशियन्सी म्हणतात. तो एकाच्या खाली असेल, तर साठा कधी भरणारच नाही. भरण्यापेक्षा गळती जास्त. एकाच्या बराच वर गेला, की ठरल्या वेळी जोडी हजर करण्याची हमी देता येते. त्या प्रयोगात सेकंदाच्या दर दहाव्या हिश्शाला, घड्याळ लावून, गुंतलेली अवस्था हाती दिली जात होती. मेरीलँडमध्ये मन्रो यांच्या गटाने २०१५ मध्येच आयनांवर हा उंबरठा ओलांडला होता: सेकंदाला चार-पाच जोड्या, आणि एकेक जोडी सेकंदभर तग धरणारी. ऑक्सफर्डने २०२० मध्ये स्ट्रॉन्शियमच्या आयनांवर सेकंदाला १८२ जोड्यांपर्यंत मजल मारली.

वर्तमानपत्रांत मात्र मथळे येतात ते किलोमीटरचे. त्यांच्याबाबत वाचकाने जरा चिकित्सक असावे, अशी माझी विनंती आहे. म्युनिकमध्ये २०२२ मध्ये दोन अणू ३३ किलोमीटरच्या फायबरमधून गुंतवले गेले, तेव्हा ते अणू होते एकमेकांपासून ४०० मीटरवर. बाकीची फायबर रिळावर गुंडाळलेली होती. बोस्टन परिसरात २०२४ मध्ये शहरात पसरलेली ३५ किलोमीटरची फायबर वापरली, पण तिची दोन्ही टोके हार्वर्डमध्येच होती. यात लबाडी काही नाही. संशोधकांनी आपल्या निबंधांत हे स्वच्छ लिहिले आहे. गळतीच्या परीक्षेला गुंडाळलेली फायबर चालते. पण दोन गावांत दोन यंत्रे ठेवून, दोन्हीकडची घड्याळे आणि लेझर एकमेकांशी जुळते ठेवणे हे निराळेच काम. ते त्याच वर्षी चीनमधल्या हेफेईत साडेबारा किलोमीटरपर्यंतच्या अंतरांवर आणि नेदरलँड्समध्ये डेल्फ्ट ते द हेग या १० किलोमीटर अंतरावर, जमिनीखालच्या २५ किलोमीटर फायबरमधून, झाले. डेल्फ्टच्या लाल फोटॉनचा रंग बदलून तो दूरसंचाराच्या अवरक्त पट्ट्यात आणावा लागला, कारण लाल प्रकाश फायबरमध्ये फार लवकर मरतो.

टिकवण्याची एक वाट म्हणजे गुंता सुरक्षित जागी हलवणे. प्रकाशाशी बोलणारा क्युबिट बोलका असतो, म्हणूनच आजूबाजूच्या खळबळीलाही तो लगेच बळी पडतो. हिऱ्यात त्याच्या शेजारी कार्बन-१३ ची अणुकेंद्रके असतात. ती प्रकाशाला दाद देत नाहीत आणि फार संथपणे बिघडतात. इलेक्ट्रॉनने जोडणी करायची आणि मिळालेला गुंता केंद्रकाकडे सोपवायचा. ऑक्सफर्डने २०२३ मध्ये हेच दोन जातींच्या आयनांवर केले: स्ट्रॉन्शियमने फोटॉन सोडायचा, कॅल्शियमने सांभाळायचे, तिथे गुंता दहा सेकंदांहून अधिक टिकला. त्याच गटाने २०२५ मध्ये दोन मीटर अंतरावरचे दोन आयन-सापळे जोडून एक छोटा शोध-अल्गोरिदम चालवला. ७१ टक्के वेळा उत्तर बरोबर आले. आकडा लहान वाटेल, पण दोन वेगळी यंत्रे गुंत्याच्या आधाराने एकच हिशेब करत होती.

दुसरी वाट मला अधिक आवडते, आणि पुस्तकातले सर्वांत मोठे प्रकरण तिलाच दिले आहे. क्वांटमवाले आयुष्यभर ज्या गोष्टीशी भांडतात ती म्हणजे ऊर्जेची गळती. या वाटेवर तिलाच कामाला लावतात. दोन क्युबिट एका सामाईक नळीला जोडायचे आणि बाहेरून सतत एक मंद सिग्नल द्यायचा. मांडणी अशी करायची की, दोघांच्या सगळ्या अवस्था त्या नळीत ऊर्जा टाकत राहतील, एक सोडून. त्या एका गुंतलेल्या अवस्थेत दोघांकडून निघणाऱ्या लहरी एकमेकींना तंतोतंत खोडतात, म्हणून ती अवस्था काहीच बाहेर टाकत नाही; तिला डार्क अवस्था म्हणतात. डोंगरउतारावर पाणी कुठेही ओता, शेवटी ते खालच्या खोलगटातच येऊन थांबते. तशीच जोडी कोणत्याही अवस्थेतून सुरू झाली तरी इथेच येते. कुणी धक्का दिला तरी परत येते. टिक् ऐकायला बसायला नको, पुन्हा पुन्हा मांडणी करायला नको.

कोपनहेगनमध्ये यूजीन पोल्झिक यांच्या गटाने २०११ मध्ये याची पहिली मोठी प्रचिती दिली. सुमारे अर्धा मीटर अंतरावरच्या दोन काचकुप्यांत सीझियमची वाफ, खोलीच्या तापमानाला. नुसत्या गळतीच्या बळावर गुंता सेकंदाच्या पंचविसाव्या भागाइतका टिकला. जोडीला अखंड मोजमाप दिल्यावर तो तासभर टिकवता आला. ते मेघ होते, एकेक क्युबिट नव्हते. २०१३ मध्ये येलने दोन अतिवाहक क्युबिटांवर आणि अमेरिकेतल्या एनआयएसटीने दोन बेरिलियम आयनांवर हीच करामत केली, पण येलचे क्युबिट एकाच पोकळीत होते आणि एनआयएसटीचे आयन एकाच सापळ्यात. अंतर वाढवणे हीच या वाटेची खरी अडचण आहे. सामाईक नळी लांब झाली, की तिच्यातली आपल्याला नको असलेली गळतीही वाढते. शिवाय या मांडणीत जितका अस्सल गुंता हवा, तितका तो जमायला वेळ लागतो, आणि त्या वेळात बाहेरचा गोंगाट आपला डाव साधतो. अतिवाहक क्युबिटांसाठी नळीसुद्धा अतिथंड लागते. ईटीएच झुरिकने २०२३ मध्ये बेलची कसोटी घेण्यासाठी ३० मीटरचा असा मार्ग बांधला, त्यात १.३ टन तांबे गेले.

मुंबईशी या कहाणीचा एक धागा जुळतो. १.३ मीटर अंतरावरचे दोन अतिवाहक क्युबिट निव्वळ मोजमापाने गुंतवणारा बर्कलीचा प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांत आर. विजयराघवन आहेत. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये त्यांची प्रयोगशाळा आहे. तिथे डीआरडीओ आणि टीसीएस यांच्यासह सहा क्युबिटांचा प्रोसेसर बांधून त्याची चाचणी २०२४ मध्ये पूर्ण झाली. केंद्र सरकारने १९ एप्रिल २०२३ रोजी मंजूर केलेल्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेसाठी सुमारे ६००३ कोटी रुपये ठरले आहेत. तिच्या उद्दिष्टांत क्वांटम स्मृती असलेले अनेक ठाण्यांचे जाळे आहे आणि २००० किलोमीटरपर्यंतचे सुरक्षित दळणवळणही आहे. माझे मत विचाराल तर, दुसरे उद्दिष्ट मथळ्यांसाठी आणि पहिले शास्त्रासाठी. गुप्त किल्ल्या पाठवायला साठवलेला गुंता लागतच नाही. विश्वासू ठाणी मधे ठेवून ते काम आजही होते. स्मृती असलेले जाळे मात्र कुठेच तयार मिळत नाही. पैसा आणि माणसे तिकडे वळली पाहिजेत.

पुस्तक कसे वाचावे, याबद्दल थोडे. बारावीपर्यंतचे भौतिकशास्त्र आलेल्या वाचकाला पहिली दोन प्रकरणे विनासायास समजतील. तिसऱ्या प्रकरणात मॅट्रिक्स आहेत. ज्यांना त्या नकोशा वाटतात त्यांनी ते सरळ ओलांडून पुढे जावे, काही अडणार नाही. गळतीवरचे पाचवे प्रकरण मात्र कुणी गाळू नये. इंग्रजी संज्ञा जिथे प्रयोगशाळेत रोज वापरल्या जातात तिथे तशाच ठेवल्या आहेत. यातले आकडे वेगाने जुने होणारे आहेत, तेव्हा वाचकांनी नवा निबंध वाचनात आला तर तो कळवावा, आणि कळवताना किलोमीटरच्या आधी भागाकार लिहावा: सेकंदाला किती जोड्या झाल्या आणि त्यांतल्या किती विरल्या.